एकच ॲप, तीन फोन: एन्क्रिप्शनचा पासवर्ड नेमका कुठे अडतो

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी मला तो जसा समजला तसा मांडतो. घरात तीन अँड्रॉइड फोन आहेत. बाबांचा जुना, अँड्रॉइडच्या ४.४ या आवृत्तीवर चालणारा. तुमच्या करसल्ल्याच्या कामाचा, ६.० चा. आणि नवा, १३ चा. पहिले दोन रूट केलेले आहेत, म्हणजे त्यांच्या प्रणालीवर पूर्ण अधिकार मिळवलेला आहे, नवा तसा नाही. सराफा बाजारात रात्रीच्या गर्दीत पैसे द्यायला फोन उघडला की मागच्या माणसाला पिन दिसतो, आणि फोनमध्ये तर अशिलांचे पॅन, बँकेची विवरणं, सगळंच. म्हणून लॉक स्क्रीनचा पिन लहान ठेवायचा आणि फोन सुरू होताना लागणारा एन्क्रिप्शनचा पासवर्ड, म्हणजे फोनमधला बंद केलेला डेटा ज्याने उघडतो तो, वेगळा, लांब ठेवायचा, असं तुम्ही ठरवलंत. त्यासाठीचं एक ॲप तिन्ही फोनांवर टाकलंत.

बाबांच्या फोनवर ते नीट चाललं, पण काही दिवसांनी सुरू होताना फोन लांब पासवर्ड चुकीचा म्हणू लागला. कामाच्या फोनवर 'पासवर्ड बदलला' असा संदेश आला, पण रीस्टार्ट केल्यावर जुनाच पिन चालला. दुसऱ्यांदा केल्यावर लांब पासवर्ड लागला, पण महिन्याभराने फोनने सुरू होताना काही विचारणंच सोडून दिलं. नव्यावर ॲप नुसतं 'अयशस्वी' म्हणतं. यापेक्षा चांगलं ॲप कोणतं, असं तुम्ही विचारलंत.

दुसरं ॲप शोधू नका. मी जेल रोडवर सतरा वर्षं फोन दुरुस्त करतोय आणि या जातीची तीन-चार ॲप आतून उघडून पाहिली आहेत. ती सगळी निरोप्याचं काम करतात. फोनच्या आत व्होल्ड नावाची एक सेवा असते, साठवणीचा सगळा कारभार तिच्याकडे. ॲप रूटचा अधिकार घेऊन व्हीडीसी नावाच्या छोट्या साधनातर्फे व्होल्डला सांगतं, 'पासवर्ड बदल.' बाकी सगळं व्होल्ड करतं. अडचण अशी की हा निरोप कसा द्यायचा, ते अँड्रॉइडच्या आवृत्तीगणिक बदलत गेलं आणि शेवटी तो निरोप घेणारंच कोणी उरलं नाही. तुमचे तीन फोन या गोष्टीच्या तीन टप्प्यांवर उभे आहेत.

सगळ्यात आधी, ताई, एक काम आजच करा. बाबांना सांगा, सुरू होतानाच्या पडद्यावर अंदाजाने पासवर्ड टाकणं थांबवा. त्यांनी अकरा वेळा टाकून पाहिला असं तुम्ही लिहिलंय. त्या पडद्यावर दर १० चुकांनंतर अर्धा मिनिट थांबावं लागतं आणि ३० चुका झाल्या की फोन स्वतःला पुसून टाकतो. चुकांची मोजणी डिस्कवरच लिहिलेली असते, त्यामुळे बंद करून चालू केल्याने ती शून्य होत नाही. बरोबर पासवर्ड एकदा लागला तरच होते. म्हणजे बाबांच्या हातात एकोणीस प्रयत्न उरले आहेत, आणि माझ्या अंदाजाने त्यांना एकच पुरेल. तो का, ते सांगतो.

अँड्रॉइडमध्ये पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन २०११ साली, ३.० बरोबर आलं. त्याची रचना आपल्या घरच्या लोखंडी कपाटासारखी आहे. कपाटाची खरी किल्ली एका छोट्या डबीत ठेवलेली, आणि डबीला वेगळं कुलूप. सगळा डेटा ज्या मुख्य किल्लीने बंद होतो ती फोन पहिल्यांदा एन्क्रिप्ट होतो तेव्हा एकदाच तयार होते आणि नंतर कधी बदलत नाही. तुमचा पासवर्ड म्हणजे डबीचं कुलूप. ही डबी बहुतेक फोनांत डेटाच्या पार्टिशनच्या, म्हणजे साठवणीतल्या डेटाच्या कप्प्याच्या, अगदी शेवटच्या १६ किलोबाइटमध्ये असते, तिला फूटर म्हणतात. काही फोनांत ती वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये असते. पासवर्ड बदलला की फक्त डबीचं कुलूप बदलतं. म्हणून तुम्हाला जो प्रश्न पडला की बत्तीस जीबीचा फोन दोन सेकंदांत पुन्हा एन्क्रिप्ट कसा झाला, त्याचं उत्तर हे: तो झालाच नाही, व्हायची गरजही नव्हती.

आता मूळ खोड. अँड्रॉइडने या डबीला लॉक स्क्रीनचाच पिन लावला. सेटिंग्जमध्ये दोन वेगळे पासवर्ड ठेवायची सोय कधीच दिली नाही. व्होल्डला मात्र ते सहज जमतं, कारण त्याच्या लेखी लॉक स्क्रीन ही संपूर्ण वेगळी गोष्ट आहे. ॲप नेमकी हीच फट वापरतं, मागच्या दाराने फक्त डबीचं कुलूप बदलतं. पण सेटिंग्जला हे ठाऊक नसतं. बाबांनी मधे लॉक स्क्रीनचा पिन बदलला असणार, त्या क्षणी सेटिंग्जने आपल्या पद्धतीने व्होल्डला कळवलं की हा घे नवा पासवर्ड, आणि तुमचा लांब पासवर्ड पुसून त्याजागी बाबांचा नवा पिन बसला. ॲपला याची खबरही लागली नाही. म्हणून बाबांना म्हणावं, लॉक स्क्रीनसाठी शेवटचा जो पिन ठेवला होता तो सुरू होतानाच्या पडद्यावर एकदा, सावकाश टाका. फोन उघडेल. उघडला की ॲपमधून लांब पासवर्ड पुन्हा लावा, आणि इथून पुढे पिन बदलला की लगेच ॲप उघडायचं हा नेम ठेवा. या फोनवर दुसरा उपाय नाही.

बाबांच्या फोनसाठी हा खटाटोप करणं योग्य आहे का, अशी शंका तुमच्या पत्रात होती. नक्कीच योग्य आहे. उलट तिन्हींत या फोनला वेगळ्या पासवर्डची गरज सगळ्यात जास्त. ४.४ च्या आधीच्या फोनांत पासवर्डपासून डबीची किल्ली बनवताना पीबीकेडीएफ२ या गणिती पद्धतीची फक्त २००० आवर्तनं होत. फूटरची नक्कल हाती आली की चार आकड्यांचे दहा हजार पर्याय साधा संगणक काही सेकंदांत तपासून मोकळा होतो. ४.४ मध्ये, म्हणजे २०१३ अखेरीस, त्याजागी एसक्रिप्ट हे दुसरं गणित आलं. त्याला प्रत्येक प्रयत्नाला बरीच मेमरी लागते, त्यामुळे वेग पडतो. तरी चार आकडे ते चार आकडेच. आणि या आवृत्तीपर्यंत डबी फोनच्या चिपला बांधलेली नव्हती, नक्कल घेऊन घरी बसून तोडता येत असे. त्यामुळे बाबांच्या फोनचं सगळं रक्षण पासवर्डच्या लांबीवर आहे.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मुख्य किल्ली बदलत नाही, हे वर सांगितलं. म्हणून लांब पासवर्ड लावण्याआधी फोन कधी अविश्वासू हातात गेला असेल आणि तिथे कोणी फूटरची नक्कल काढून ठेवली असेल, तर जुन्या नकलेवर जुना चार आकड्यांचा पिन आजही चालतो, आणि तिच्यातून निघणारी मुख्य किल्ली आजचा डेटाही उघडते. तशी शंका असेल तर पासवर्ड बदलून काही होत नाही. डेटा दुसरीकडे घ्या, फोन पूर्ण पुसा, पुन्हा एन्क्रिप्ट करा, मग नवी मुख्य किल्ली बनते. याच गुणाचा उलटा उपयोगही आहे. पासवर्ड बदलण्याआधी तुम्ही स्वतः फूटरची नक्कल काढून घरच्या संगणकावर ठेवलीत आणि काही बिनसलं, तर रिकव्हरीतून, म्हणजे फोनमधल्या दुरुस्तीच्या वेगळ्या छोट्या प्रणालीतून, ती परत लिहून जुन्या पिनने फोन उघडतो. काम नीट झाल्याची खात्री पटली की नक्कल मात्र पुसून टाका. ठेवून दिलेली नक्कल म्हणजे जुन्या कुलपासकट ठेवलेली दुसरी डबी.

आता कामाचा फोन. सगळा गुंता इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

२०१४ च्या शेवटी ५.० आला आणि व्होल्डच्या निरोपात एक शब्द वाढला. ४.४ पर्यंत आज्ञेमागे फक्त नवा पासवर्ड द्यायचा. ५.० पासून आधी त्याचा प्रकार सांगावा लागतो: पासवर्ड, पिन, पॅटर्न किंवा डीफॉल्ट. जुनं ॲप प्रकार न सांगता थेट पासवर्ड पुढे करतं आणि व्होल्ड ते फेटाळतं. शिवाय क्वालकॉम कंपनीच्या चिपमधलं हार्डवेअर एन्क्रिप्शन वापरणाऱ्या काही रॉममध्ये, म्हणजे फोनवर बसवलेल्या अँड्रॉइडच्या वेगवेगळ्या घडणींमध्ये, नव्याबरोबर जुना पासवर्डही द्यावा लागतो, त्याशिवाय ते ऐकत नाहीत. म्हणजे ६.० लिहिलेले दोन फोन शेजारी ठेवले तरी एकच आज्ञा दोघांवर चालेल याची खात्री नसते. कोणती आवृत्ती यापेक्षा कोणाचं रॉम हे विचारायला हवं.

मग ॲपने 'बदलला' असं का सांगितलं? व्होल्डचं उत्तर तीन वेगवेगळ्या आकड्यांच्या एका ओळीत येतं. ५०० ने सुरू झालं तर आज्ञेची मांडणीच चुकली. २०० ने सुरू झालं तर व्होल्डने आज्ञा घेतली, पण काम झालं की नाही ते शेवटच्या आकड्यात असतं: शून्य म्हणजे झालं, उणे एक म्हणजे नाही. कित्येक ॲप फक्त सुरुवातीचं २०० पाहून हिरवी खूण दाखवतात. बँकेत चेक काउंटरवर घेतला म्हणजे खात्यात पैसे जमा झाले असं धरून चालण्यासारखं हे आहे. तुमच्या पहिल्या प्रयत्नाला बहुधा हेच घडलं. फोन जुन्या पिनने उघडला हे तुमचं नशीब, कारण काहीच बदललं नव्हतं.

म्हणून माझ्याकडचा नियम असा: ॲपच्या हिरव्या खुणेवर फोन कधी रीस्टार्ट करायचा नाही. फोन संगणकाला जोडायचा, एडीबी शेलमध्ये, म्हणजे संगणकावरून फोनला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत, जायचं, रूट व्हायचं आणि व्हीडीसीलाच व्हेरिफायपीडब्ल्यू या आज्ञेने नवा पासवर्ड तपासून पाहायला सांगायचं. उत्तराच्या शेवटी शून्य आलं तर डबी नव्या पासवर्डने उघडते. दुसरं काहीही आलं तर फोन बंद करू नका. चालू फोनमध्ये मुख्य किल्ली मेमरीत असतेच, तोवर तुम्ही दहा वेळा दुरुस्ती करू शकता, आणि सगळ्यात आधी डेटा बाहेर काढू शकता. एकदा बंद केला की डबीशिवाय वाट नाही. हे करताना आधी शेलमध्ये शिरा, मग आज्ञा लिहा. संगणकाच्या खिडकीत एकाच ओळीत सगळं लिहिलंत तर तुमचा लांब पासवर्ड संगणकाच्या आज्ञांच्या यादीत वाचता येईल असा पडून राहतो. कार्यालयातल्या संगणकावर तर हे करूच नका.

'व्होल्डपर्यंत पोचताच येत नाही' किंवा 'परवानगी नाही' असं आलं तर दोष पासवर्डचा नाही. ५.० पासून एसई लिनक्सचे, म्हणजे कोणत्या प्रोग्रामने काय करावं हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचे, निर्बंध फोनभर सक्तीचे झाले. त्याआधी रूट मिळालं की सगळी दारं उघडी. आता रूट होऊनही तुम्ही कोणत्या संदर्भात चालता आहात ते पाहिलं जातं, आणि व्होल्डचं दार सगळ्यांना उघडत नाही. रूटचं व्यवस्थापन करणारं ॲप जुनं असलं की हे हमखास होतं. ते अद्ययावत करा. एसई लिनक्स कायमचं ढिलं करून ठेवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, तो घेऊ नका. एका कुलपासाठी घराची भिंत पाडण्यासारखं ते आहे.

पासवर्डात काय लिहिलंत यावरही बरंच अवलंबून. मी सर्वांत वाईट प्रकरणं इथेच पाहिली आहेत. रामबागेतले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. पत्नीचे शेवटच्या आजारपणातले फोटो आणि आवाजाच्या फिती त्यांच्या फोनमध्ये होत्या. फोन ५.१ चा. ॲपमध्ये त्यांनी अक्षरं आणि आकडे असलेला छान लांब पासवर्ड दिला, पण ॲपने व्होल्डला प्रकार कळवला तो 'पिन'. व्होल्डने निमूटपणे दोन्ही जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढच्या रीस्टार्टला फोनने प्रकार पाहून फक्त आकड्यांची पाटी दाखवली. पासवर्ड त्यांना तोंडपाठ, पण टाकायला अक्षरंच नाहीत. तीन दुकानांनी फोन पुसून देतो म्हणून सांगितलं होतं. त्या मॉडेलसाठी टीडब्ल्यूआरपी नावाची बाहेरची रिकव्हरी होती आणि बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आणि परकी प्रणाली अडवणारा प्रोग्राम, आधीच उघडलेला होता, म्हणून रिकव्हरीत जाऊन, संगणकावरून तिच्या डिक्रिप्ट आज्ञेने पासवर्ड पोचवला आणि डेटा उघडला. सगळे फोटो निघाले. बूटलोडर बंद असता तर ही वाट नव्हती, कारण तो उघडताना फोन पुसला जातो. म्हणून ॲपमध्ये प्रकार निवडायची जागा आहे का ते पाहा, आणि अक्षरं असतील तर 'पासवर्ड' हाच प्रकार निवडा.

दुसरी चूक आपल्या लोकांची खास. देवनागरीत पासवर्ड. विचार चांगला आहे, चोराला मराठी कुठून येणार. पण सुरू होतानाच्या त्या पडद्यावर तुमचा नेहमीचा कीबोर्ड नसतो. तो डेटाच्या पार्टिशनमध्ये राहतो आणि ते पार्टिशन अजून उघडायचं आहे. तिथे फोनच्या प्रणालीबरोबर आलेला साधा कीबोर्ड असतो, आणि त्यात देवनागरी मिळेल या भरवशावर राहता येत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंग्ज म्हणूनच साध्या रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हांपलीकडचं काही पासवर्डात घेत नाहीत. मागच्या दाराने जाणारं ॲप मात्र ही तपासणी करेलच असं नाही. मराठीच हवं तर आपल्यालाच माहीत असलेलं एखादं घरगुती वाक्य रोमन अक्षरांत लिहा, मधे जागा न सोडता.

जागा न सोडता, कारण ॲप तुमचा पासवर्ड आज्ञेच्या ओळीत घालून शेलला देतं. डॉलरचं चिन्ह, अवतरणं, उलटी तिरकी रेघ, मोकळी जागा, या सगळ्यांना शेलमध्ये आपापला वेगळा अर्थ आहे. ॲप लिहिणाऱ्याने काळजी घेतली नसेल तर तुम्ही लिहिता एक आणि व्होल्डला पोचतं भलतंच. पासवर्ड बदलल्याचं खरं उत्तर येतं, शेवटी शून्यही येतं, आणि बदललेला पासवर्ड कोणता हे जगात कोणालाच माहीत नसतं. न तपासता रीस्टार्ट केलात तर या दोषावर इलाज नाही, म्हणून चिन्हांचा मोह टाळा. लांबी वाढवा. अठरा-वीस साधी अक्षरं भरपूर झाली.

आता तुमच्या कामाच्या फोनचं दुसरं कोडं, महिन्याभराने सुरू होताना विचारणंच बंद झालं ते. तुमच्या पत्रात एक ओळ होती, तिकडे तुम्ही फार लक्ष दिलं नसावं: 'मधे पासवर्ड आपोआप भरणारं एक ॲप टाकलं, तेही बंद करून पाहिलं.' माझ्या मते तिथेच उत्तर आहे. त्या काळातली अशी ॲप फोनच्या ॲक्सेसिबिलिटी म्हणजे सुलभता सेवेतून काम करायची. ५.० पासून असा नियम आहे की सुलभता सेवा चालू केली की फोन सुरू होतानाचा पासवर्ड काढून टाकला जातो. हेतू चांगला होता. ज्याला दिसत नाही, ज्याला पडदा वाचून दाखवणारी सेवा लागते, त्याला त्या सुरुवातीच्या पडद्यावर ती सेवा मिळत नाही आणि तो फोनबाहेर अडकतो. चालू करताना फोन एक सूचना दाखवतो की आता डेटाच्या एन्क्रिप्शनसाठी लॉक स्क्रीन वापरला जाणार नाही. आपण 'ठीक आहे' दाबतो. त्या क्षणी डबीचा प्रकार 'डीफॉल्ट' होतो, म्हणजे डबीला सगळ्या जगाला माहीत असलेलं एकच कुलूप लागतं आणि फोन ते सुरू होताना स्वतःच उघडतो. डेटा एन्क्रिप्ट केलेलाच असतो, सेटिंग्जमध्येही तसंच दिसतं, पण तुमचा लांब पासवर्ड गेलेला असतो. आणि ती सेवा नंतर बंद केली तरी पासवर्ड परत येत नाही, तुम्हालाच पुन्हा लावावा लागतो.

म्हणून कामाच्या फोनवर क्रम असा ठेवा. सुलभतेच्या यादीत जाऊन काय काय चालू आहे ते पाहा, गरज नसेल ते काढा. घरात कोणाला खरंच ती सेवा लागत असेल तर ती ठेवा आणि या फोनवर सुरुवातीच्या पासवर्डचा नाद सोडा. नसेल तर सेटिंग्जच्या सुरक्षेत जाऊन लॉक स्क्रीनचा पिन पुन्हा लावा, त्यावेळी 'फोन सुरू होताना पिन मागायचा का' असं विचारेल, तिथे हो म्हणा. मग ॲपमधून लांब पासवर्ड, प्रकार 'पासवर्ड'. मग व्हेरिफायपीडब्ल्यू. शेवटी शून्य. त्यानंतरच रीस्टार्ट.

या फोनला एक फायदा आहे जो बाबांच्या फोनला नाही. ५.० पासून डबीची किल्ली बनवताना एसक्रिप्टच्या मधोमध चिपच्या सुरक्षित भागातली एक खासगी किल्ली वापरली जाते, अर्थात चिपमध्ये तशी सोय असेल तर. ती किल्ली बाहेर काढता येऊ नये अशी रचना आहे, त्यामुळे फूटरची नक्कल नेऊन दुसऱ्या संगणकावर अंदाज लावता येत नाहीत. २०१६ मध्ये क्वालकॉमच्या चिपमधून ती किल्ली बाहेर काढता येते हे एका संशोधकाने करून दाखवलं, म्हणून या संरक्षणावर पूर्ण विसंबू नका. तुमच्या फोनला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. लांब पासवर्ड तिथे अजूनही कामाचा आहे. पण खरं सांगायचं तर अशिलांची कागदपत्रं या फोनवर राहू नयेत. ती नव्यावर हलवा.

नव्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. २०१६ मध्ये ७.० बरोबर एन्क्रिप्शनची दुसरीच पद्धत आली, पूर्ण डिस्कऐवजी फाइलनिहाय. १० घेऊन बाजारात येणाऱ्या नव्या फोनांना ती सक्तीची झाली आणि १३ मधून पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन काढूनच टाकलं. या पद्धतीत सुरू होतानाचा तो पडदा नाही. फोन सरळ लॉक स्क्रीनपर्यंत येतो, गजर वाजतो, फोन येतात, पण तुमच्या फाइली पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत बंद राहतात. वेगळ्या डबीची कल्पनाच इथे उरलेली नाही, लॉक स्क्रीनचा पासवर्ड हाच एकमेव. त्यातून ९ पासून व्हीडीसीमधून पासवर्ड बदलायची आज्ञाही गेली. तुमचं ॲप निरोप घेऊन जातं आणि दारात कोणी नसतं, म्हणून 'अयशस्वी'. खात्री करायची तर एडीबी शेलमध्ये गेटप्रॉप आज्ञेने आरओ डॉट क्रिप्टो डॉट टाइप हे विचारा. याला रूट लागत नाही. उत्तर 'फाइल' आलं तर ॲप काढून टाका. 'ब्लॉक' आलं तर फोन जुन्या पद्धतीचा. बाकी कुठलाही अंदाज करण्याआधी हाच प्रश्न मी प्रत्येक फोनला विचारतो, कारण ७ आणि ८ च्या काळात दोन्ही पद्धतींचे फोन होते आणि जुन्यावरून अपडेट झालेले फोन जुन्याच पद्धतीवर राहिले.

कोणी म्हणेल नव्यालाही रूट करा, काहीतरी जुगाड निघेल. निघणार नाही. बूटलोडर उघडताना सगळं पुसलं जाईल, बँकांची बरीच ॲप चालणार नाहीत, आणि हातात काही पडणार नाही.

मग सराफ्यातल्या गर्दीचं काय? तुमची मूळ काळजी तीच होती, आणि ती खरी आहे. नव्या फोनवर पिनऐवजी अक्षरांचा पासवर्ड ठेवा, सेटिंग्ज १६ अक्षरांपर्यंत घेतात. दिवसभर बोटाचा ठसा वापरा. मग गर्दीत पासवर्ड टाइप करायची वेळच येत नाही, तो फक्त रीस्टार्टनंतर आणि साधारण तीन दिवसांतून एकदा मागितला जातो. तो सकाळी घरीच टाकून मोकळे व्हा. पैसे देणाऱ्या ॲपचा पिन वेगळा ठेवा, तो लॉक स्क्रीनचा नको. फोन दुरुस्तीला किंवा अनोळखी हातात द्यायची वेळ आली तर देण्याआधी तो रीस्टार्ट करा आणि पासवर्ड टाकू नका. त्या स्थितीत तुमच्या फाइलींची किल्ली मेमरीत आलेलीच नसते. आणि माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याने 'तपासायला पासवर्ड लागेल' म्हटलं तर स्वतः समोर उभं राहून टाका, कागदावर लिहून देऊ नका. पडदा किंवा बॅटरी बदलायला तो लागत नाही.

बाबांचा फोन एका प्रयत्नात उघडला नाही तर दुसरा करू नका. ते कोणकोणते पिन वापरत आले ते आधी कागदावर लिहून काढा, आणि ताई, फोन तसाच घेऊन या. कामाच्या फोनवर व्हेरिफायपीडब्ल्यू नंतर आलेली संपूर्ण ओळ मला कळवा, तिन्ही आकडे, पासवर्ड मात्र नको. सोबत रॉम कोणाचं आहे आणि गेटप्रॉपने काय उत्तर दिलं तेही. तोवर तो फोन चार्जरला लावून चालूच ठेवा.